सांध्यावर डोलणारा पिअर: प्रकल्प नोंदी

6 जानेवारी

काम असं: प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून ठेवलेले काँक्रीटचे तुकडे एकावर एक रचून, मधून केबल ताणून उभा केलेला पुलाचा पिअर (खांब) भूकंपात कसा वागतो ते छोट्या नमुन्यावर पाहायचं. दोन नमुने. पहिल्यात फक्त केबल. दुसऱ्यात केबलबरोबर तळच्या सांध्यातून जाणाऱ्या साध्या सळया, म्हणजे सळई वाकेल, ताणली जाईल आणि धक्क्याची ऊर्जा खाईल. तिघांचा गट, शिवाय लॅबमधले काका. त्यांच्याशिवाय काहीच हललं नसतं.

मापं एकदाच लिहून ठेवतो, पुढे लागतील. छेद 400 बाय 400 मिमी, 450 मिमीचे चार तुकडे, वर 400 मिमीचा डोक्याचा ठोकळा, खाली 600 मिमी जाडीचा पाया. आडवा जोर पायाच्या माथ्यापासून बरोबर 2 मीटरवर, त्यामुळे 1 टक्का कल (उंचीच्या मानाने आडवं सरकणं) म्हणजे 20 मिमी. केबल म्हणजे 12.7 मिमीच्या चार सात-तारी स्ट्रँड, भोवती ग्राउट (सिमेंटचा पातळ मसाला) न भरलेल्या. ताण तुटबळाच्या 45 टक्के, चौघींचा मिळून 330 किलोन्यूटन. एवढा कमी का, तर खांब डोलताना सांधा उघडतो आणि केबल आणखी ताणली जाते. आधीच पूर्ण ताणून ठेवली तर ती तिथे यील्ड होईल, म्हणजे कायमची लांबेल, आणि खांबाला परत उभा करणारा जोरच जाईल.

चौरस छेद घेतला कारण शटरिंग (काँक्रीटचा साचा) सोपं. या सोपेपणाची किंमत पुढे कोपऱ्यांनी वसूल केली.

17 जानेवारी

1995 साली आजच्याच तारखेला कोबेचा भूकंप झाला होता. तिथे बरेच खांब पडले हे सगळ्यांना माहीत असतं. पण जे पडले नाहीत, नुसते कलून राहिले, त्यातलेही सुमारे 100 पाडावे लागले. त्यांचा कायमचा कल 1.75 टक्क्यांच्या वर गेला होता, सरळ करायची सोय नव्हती. आमच्या नमुन्यात 1.75 टक्के म्हणजे 35 मिमी. हा आकडा लॅबच्या फळ्यावर लिहिलाय. खांब मोडतो की नाही यापेक्षा धक्का संपल्यावर तो कुठे उभा राहतो, हे आम्हाला मोजायचंय.

23 जानेवारी: कास्टिंग

आधीचा तुकडा खाली ठेवून त्याच्याच माथ्यावर पुढचा ओतायचा, म्हणजे दोन्ही तोंडं तंतोतंत जुळतात. दिवसाला एकच तुकडा निघतो. आठ तुकडे, आठ दिवस, मध्ये एक दिवस मिक्सर बंद.

तीन चुका झाल्या.

जुळणाऱ्या तोंडावर शटरिंग ऑइल लावलं. तुकडे सुटले छान, पण पुढे तिथे इपॉक्सी लावायचंय आणि तेलकट तोंडावर ते धरत नाही. सहा तोंडं तारेच्या ब्रशने आणि ग्राइंडरने घासली, दोन दिवस गेले. साबण आणि शंखजिऱ्याची पूड कालवून लावायची असते, धुतली की निघून जाते. शेवटच्या दोन तुकड्यांना तेच केलं.

दुसरी चूक, डक्ट (केबल जायच्या नळ्या) नीट बांधले नाहीत. व्हायब्रेटर लागला आणि एक डक्ट 5 मिमी सरकला. खालून टॉर्च मारली तर वरून अर्धचंद्र दिसत होता. स्ट्रँड जाते, पण घासून जाते.

तिसरी, शिअर की. सांधा सरकू नये म्हणून प्रत्येक सांध्यावर खाचा-उंचवटे केले, शटरिंगचा निम्मा वेळ त्यातच गेला, आणि सुटताना दोन कोपरे तुटले. नंतर शांतपणे हिशेब केला. केबलचे 330 आणि वरून द्यायचे 200, असा 530 किलोन्यूटन दाब, घर्षणांक 0.6 धरला तरी सांधा सरकायला 300 च्या वर जोर लागेल. आमचा आडवा जोर 80 च्या पुढे जाणार नाही. खाचांचा उपयोग तुकडे जागेवर बसवण्यापुरता. त्यासाठी दोन खुंट्या पुरल्या असत्या.

11 फेब्रुवारी: इपॉक्सी

एक तुकडा साधारण 180 किलोचा, चेन ब्लॉकवर उचलला. आधी कोरडी जुळणी करून ओळंबा पाहिला: चार तुकड्यांत 3 मिमी कल. स्वीकारला.

कालवलेलं इपॉक्सी हातात अर्धा तास टिकतं. पहिल्या सांध्याला लावण्यातच पंचवीस मिनिटं गेली, कारण कोणी कोणत्या बाजूने लावायचं तेच ठरलं नव्हतं. नंतर काकांनी खडूने तोंडाचे चार भाग पाडून दिले आणि काम सात मिनिटांवर आलं.

सेट होईपर्यंत सांध्यावर 0.3 मेगापास्कल तरी दाब हवा, म्हणजे आमच्या छेदाला जवळपास 48 किलोन्यूटन. बाहेरून आट्यांचे दोन रॉड लावून नट आवळले. दाबाखाली इपॉक्सी बाहेर येतं तसं डक्टमध्येही घुसतं, हे लक्षात यायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी दोन डक्ट अर्धे बुजलेले. पाइपला ड्रिल बिट जोडून कोरून काढले, एक अख्खा दिवस. पुढच्या नमुन्याला डक्टभोवती फोमची कडी ठेवली आणि दाब दिल्यावर लगेच कापडाचा बोळा आरपार ओढला. काही अडलं नाही.

20 फेब्रुवारी: केबल ताणली

हे काम करणाऱ्याने दुसरं काही वाचलं नाही तरी ही नोंद वाचावी.

जॅकने एकेक स्ट्रँड 83 किलोन्यूटनपर्यंत ओढली, वेज (स्ट्रँडला धरून ठेवणारी पाचर) बसवली, जॅक सोडला. चारही झाल्यावर खालच्या लोड सेलवर (जोर मोजणाऱ्या यंत्रावर) 330 च्या आसपास दिसायला हवं होतं. दिसलं 172.

आधी लोड सेलवर संशय घेतला. तो काढून दुसऱ्या मशीनवर तपासण्यात अर्धा दिवस घालवला. सेल ठीक होता. मग कागद घेतला. स्ट्रँडची लांबी 2.9 मीटर. 83 किलोन्यूटनला ती ताणली जाते 12 मिमीच्या जरा वर. जॅक सोडल्यावर वेज आत बसताना स्ट्रँडला घेऊन साधारण 6 मिमी सरकते. बारातले सहा तिथेच गेले! 40 मीटरच्या केबलला हेच 6 मिमी जेमतेम 30 मेगापास्कलचा घाटा देतात, कोणी ढुंकून पाहत नाही. आम्हाला 400 चा बसला. पुलाच्या गर्डरवरची सवय छोट्या नमुन्यावर आणली की असं होतं.

21 ते 25 फेब्रुवारी

उपाय: जॅकने पुन्हा ओढून बॅरल (वेज ज्यात बसते ते नळकांडं) प्लेटवरून उचलायचं आणि खाली घोड्याच्या नालेसारखी कापलेली 6 मिमी पोलादी पट्टी सरकवायची. वेज स्ट्रँडला धरूनच असते, त्यामुळे ती पुन्हा बसायचा प्रश्न नाही. पट्ट्या काकांनी गॅसने कापून, घासून दिल्या.

यासाठी स्ट्रँडची शेपटी लांब असावी लागते, जॅकला धरायला. आमच्यापैकी एकाने (नाव लिहीत नाही, तोही ही वही वाचतो) "दिसायला नीट" म्हणून एक शेपटी ग्राइंडरने कापून टाकली होती. ती स्ट्रँड ढिली करून काढली, नवीन घातली. खालचा अँकर पायाच्या पोटात, आणि पाया ठोकळ्यांवर उचलून मिळालेली जागा जेमतेम हात जाईल एवढी. पाठीवर झोपून वेज बसवली. पाया आणखी 30 सेमी उंच ठेवायला हवा होता.

शेवटी सेलवर 322. चालेल. जॅकच्या रेषेत मागे कोणीही उभं राहायचं नाही, फोटो काढायलासुद्धा नाही.

2 मार्च: पहिली चाचणी, अर्धवट

कलाचे टप्पे: 0.25, 0.35, 0.5, 0.75, 1, 1.5, 2, 3 आणि 4 टक्के. प्रत्येक टप्प्याला मागे-पुढे तीन आवर्तनं, पुढचा टप्पा आधीच्या सव्वा ते दीडपट. 200 किलोन्यूटनचा उभा भार डोक्यावर जॅक ठेवून, पायाच्या पातळीवर बिजागरी असलेल्या दोन रॉडांनी.

0.25 टक्क्यालाच गडबड कळली. खांब हिशेबाच्या निम्म्यानेही ताठ नव्हता. जोर शून्यावरून जाताना जोर-हालचालीचा आलेख चपटा पडायचा, डुगडुगणाऱ्या स्टुलासारखा. तळच्या सांध्यावर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) फिरवलं तर एका कडेला 2 मिमीची पट्टी आत जात होती. वरचे सांधे एकमेकांवर ओतलेले, त्यामुळे तंतोतंत. तळचा तुकडा मात्र पायावर तसाच कोरडा ठेवलेला, आणि पायाचा माथा आम्ही हाताने पाटा फिरवून "लेव्हल" केलेला. सगळी हालचाल जिथे व्हायची, त्याच सांध्याला सगळ्यात कमी लक्ष दिलं होतं.

थांबलो. केबल सोडली, खांब उचलला, पायाचा माथा टाचला, 10 मिमी न आकसणाऱ्या मसाल्याची गादी घातली. गादी चारही कडांनी 10 मिमी आत ठेवली, नाहीतर डोलताना तिचीच कड आधी फुटते. ओल्या गादीवर खांब टेकवून पाचरींनी ओळंबा धरला. कास्टिंगचा 3 मिमी कलही इथेच निघाला. केबल पुन्हा ताणली, पट्ट्या पुन्हा. अकरा दिवस.

16 मार्च: पहिला नमुना

आज चालला, आणि बघण्यासारखा चालला.

0.5 टक्क्यापर्यंत सांधा बंद. 0.75 ला तळाशी केसाएवढी रेघ. त्यानंतर खांब वाकत नाही, अख्खा उचलला जातो. चारही तुकडे एकसंध, इपॉक्सीच्या सांध्यांवर एक चीरही नाही, सगळी हालचाल तळाच्या एका रेषेत. 3 टक्क्यांवर थांबवून मोजलं, ताणाच्या कडेला 10 मिमी उघडं. लोखंडी फूटपट्टी आत सरकवली तर 33 सेमी गेली. 400 मिमीच्या खांबातला फक्त दाबाकडचा 7 सेमीचा पट्टा पायाला टेकलेला, बाकी सगळा हवेत. पट्टी काढली, जोर सोडला आणि फट मिटली. बोट फिरवून सांधा शोधावा लागत होता.

जोर 3 टक्क्यांना 55 किलोन्यूटन. केबलचा ताण 322 वरून 430 पर्यंत चढून परत आला. 4 टक्क्यांच्या शेवटी उरलेला कल 3 मिमी. फळ्यावरच्या 35 शेजारी 3 लिहिलं.

आता वाईट. दाबाचे कोपरे 3 टक्क्यांच्या दुसऱ्या आवर्तनात सुटले, 4 टक्क्यांना 9 सेमी उंचीपर्यंत कव्हर (सळयांवरचं काँक्रीट) गळून रिंग (भोवतीची आडवी सळई) दिसली. चौकोनी कोपऱ्याला रिंगेचा आधार कमीच पोचतो. आणि आलेख बघा: जाण्याची आणि येण्याची रेघ जवळजवळ एकच. डॅम्पिंग (ऊर्जा खाण्याचं माप) 5 टक्क्यांच्याही आत. म्हणजे खांब परत येतो खरा, पण धक्क्याची ऊर्जा जवळ ठेवतच नाही, तशीच परत करतो. खऱ्या भूकंपात असा खांब जास्त झुलेल आणि जास्त वेळ झुलेल.

चाचणीनंतर केबलमध्ये 296 उरले. डोलताना वेज आणखी आत चावतात.

18 मार्च

आलेखात दोन दुरुस्त्या. दोन्ही आधी लक्षात यायला हव्या होत्या.

हलल्याचं माप आम्ही ॲक्च्युएटरच्या (आडवा जोर देणाऱ्या जॅकच्या) स्वतःच्या मीटरवरून घेत होतो. त्यात मागच्या फ्रेमचं दबणं मिसळलेलं, 50 किलोन्यूटनला 4 मिमी. नशिबाने जमिनीवर वेगळा स्टँड उभारून एक डायल गेजही लावला होता. आता तोच खरा धरतो. वरचे आकडे त्याच्यावरूनच काढलेत.

दुसरी, उभ्या भाराचे रॉड. खांब कलला की रॉडही तिरके होतात आणि डोकं मागे ओढतात. खऱ्या पुलात वरच्या गाळ्याचं वजन उलट पुढे ढकलतं. 3 टक्क्यांना हा फरक 200 गुणिले 0.03, म्हणजे 6 किलोन्यूटन. तर 55 नाही, 49 म्हणा. हे वजा न करता आलेख दाखवणं म्हणजे खांबाला फुकटचे गुण देणं.

30 मार्च: दुसरा नमुना, सळयांसह

बदल दोन. तळच्या तुकड्याला 3 मिमी पत्र्याचं जॅकेट, पायापासून 20 मिमी वर थांबवलेलं, म्हणजे पत्रा स्वतः पायावर टेकत नाही. आणि 12 मिमीच्या चार सळया पायातून तळच्या तुकड्यात, डक्टमध्ये ग्राउट भरून. सांध्यापाशी 300 मिमी लांबी टेप गुंडाळून ग्राउटपासून सुटी ठेवलेली, म्हणजे ताण एका जागी न साचता या लांबीवर पसरेल.

2 टक्क्यांपर्यंत आलेखाची पोटं छान फुगत होती, म्हणजे ऊर्जा खाल्ली जात होती. 3 टक्क्यांना पहिल्या आवर्तनात 74 किलोन्यूटन. दुसऱ्यात "टण्ण" असा आवाज आला. सगळ्यांनी आधी केबलकडे पाहिलं. केबल शाबूत, जोर मात्र 9 ने खाली. एका सळईचा वाटा बरोबर तेवढाच. आणखी दोन आवाज झाले, आणि 4 टक्क्यांपर्यंत हा नमुना जवळजवळ पहिल्यासारखाच वागू लागला. कोपरे मात्र टिकले. जॅकेट काढून पाहिलं, आत किरकोळ चुरा.

3 एप्रिल: सळया का तुटल्या

खांब उतरवून डक्ट फोडला. टेपच्या पदरांतून ग्राउट आत झिरपलेलं. वरचे दोन वेढे सुटे, बाकी सळईला घट्ट चिकटलेलं. सुटी लांबी 300 च्या जागी जेमतेम 100 मिमी.

पुढचं सरळ गणित. सळई दाबाच्या पट्ट्याच्या टोकापासून 290 मिमीवर, 3 टक्क्यांना तिथे फट 8.7 मिमी. 300 वर पसरली तर ताण 2.9 टक्के, सळई आरामात सोसते. 100 वर पसरली तर 8.7 टक्के, तोही मागे-पुढे. तार दोन-तीनदा वाकवून तोडतो तसंच. तुटलेलं टोक बघायला ठेवलंय: मान बारीक झालेली नाही, दाणेदार सपाट तोंड.

टेपवर भरवसा ठेवू नका. पीव्हीसी पाइपचा तुकडा चढवून दोन्ही टोकं पुटीने बंद करा, आणि आधी एक सळई नुसत्या पाइपात ग्राउट करून, फोडून बघा. आमचा हा एका संध्याकाळचा प्रयोग वाचला आणि अख्खा नमुना गेला.

7 एप्रिल

आत ग्राउट केलेली सळई बदलता येत नाही, ही या पद्धतीची खरी अडचण. भूकंपानंतर खांब सरळ उभा आहे, पण आतल्या सळया किती शिल्लक आहेत हे बाहेरून कळत नाही. म्हणून सळया बाहेर घ्यायचं ठरवलं. न्यूझीलंडमध्ये हा विचार जुना आहे. तिथला साउथ रँगिटिकेईचा रेल्वे पूल 1981 पासून पायाशी उचलल्या जाणाऱ्या खांबांवर उभा आहे, ऊर्जा खायला पोलादी डँपर लावून. क्राइस्टचर्चचा विग्राम-मॅग्डाला पूलही डोलणाऱ्या खांबांचाच.

16 मिमीचा मऊ पोलादी रॉड, मधले 400 मिमी लेथवर 10 मिमीपर्यंत उतरवलेले, दाबाखाली लचकू नये म्हणून बाहेरून ग्राउट भरलेली नळी. प्रत्येक बाजूला दोन, ब्रॅकेटला नटांनी. लेथवाल्याने पहिले दोन रॉड खांद्यापाशी काटकोनी कापले, गोलाई न ठेवता. तिथूनच तुटले असते. परत केले.

24 एप्रिल: दुसरा नमुना, नव्या सळयांसह

जुन्या सळयांची टोकं कापली, नवी गादी, केबल परत 320 ला.

1 टक्क्यापर्यंत आलेख परत बारीकच. कारण ब्रॅकेटची भोकं 18 ची आणि बोल्ट 16 चे. 1 टक्क्याला रॉडपाशी फट जेमतेम 4 मिमी, त्यातले दीड-दोन त्या सैलपणातच संपायचे. थांबवून भोकांत इपॉक्सी भरलं, दोन दिवस वाट पाहिली.

26 एप्रिल

4 टक्क्यांची तिन्ही आवर्तनं पूर्ण, एकही रॉड तुटला नाही. डॅम्पिंग 10 टक्क्यांच्या आसपास. आतल्या सळयांनी तुटण्याआधी दिलेल्या 12 हून कमी, कारण हे रॉड बारीक आणि पोलाद मऊ. उरलेला कल 5 मिमी. परत उभा करणारा जोर सळयांच्या जोरापेक्षा बराच जास्त आहे, तेव्हा रॉड 12 मिमीचे चालले असते असं आता वाटतं.

चाचणी संपल्यावर मुद्दाम घड्याळ लावलं. आठही रॉड काढून नवे बसवायला दोघांना एक तास चाळीस मिनिटं लागली. त्यातली चाळीस मिनिटं पायाजवळच्या एका नटावर गेली. ब्रॅकेट आणि पायाच्या मध्ये पाना फिरायला जागाच ठेवली नव्हती. पुढच्या वेळी ब्रॅकेट 60 मिमी वर.